सरासरी सुधारली, पण कोण सुधारलं?

सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या कुणालाही विचारा, "डिझाइन काय घेतलंस?" उत्तर बहुधा एकच येतं. प्री-टेस्ट, मधे एखादा कार्यक्रम, मग पोस्ट-टेस्ट आणि शेवटी पेअर्ड टी-टेस्ट. मधल्या जागेत योग, ध्यान, समुपदेशन, जीवनकौशल्य, जे काय असेल ते बसतं. साठ मुलांचे आधीचे गुण, त्याच साठ मुलांचे नंतरचे गुण, पी ०.०५ पेक्षा कमी, की प्रबंधाच्या पाचव्या प्रकरणात वाक्य तयार: "सदर कार्यक्रमामुळे विद्यार्थ्यांच्या ताणात लक्षणीय घट झाली."

हे वाक्य जरा उकलून बघा. त्यात तीन दावे आहेत. घट झाली, हा पहिला. ती कार्यक्रमामुळेच झाली, हा दुसरा. आणि ती "विद्यार्थ्यांच्या" ताणात झाली, म्हणजे एकेका मुलाच्या आत काहीतरी बदललं, हा तिसरा. टी-टेस्टनं यातला फक्त पहिला दावा तपासलाय, तोही सरासरीपुरता. दुसऱ्यासाठी नियंत्रण गट लागतो, हे आपल्याला एम.ए.च्या पहिल्या वर्षातच शिकवतात. तिसऱ्याबद्दल मात्र फारसं कुणी बोलत नाही. मानसशास्त्रात आपण माणसाच्या बदलाबद्दल बोलतो आणि मोजतो मात्र गटाची सरासरी. या पोस्टमध्ये मी त्या तिसऱ्या दाव्याचा पाठपुरावा करणार आहे. आधी प्री-पोस्टवर टीका आहे. मग तिच्यावरचा उपाय म्हणून जी मॉडेल्स आपल्याला दाखवली जातात, त्यांच्यावरही आहे.

जगनाडे चौकातली पाच मुलं

मी नंदनवनात राहते. आमच्या भागात, जगनाडे चौकाच्या आजूबाजूला, अभ्यासिकांना तोटा नाही. समजा अशाच एका अभ्यासिकेतल्या पाच मुलांना आपण ताणाची प्रश्नावली दिली, एकदा जूनमध्ये आणि एकदा मार्चमध्ये. गुण ० ते ४०, जास्त गुण म्हणजे जास्त ताण. आकडे माझे, समजावण्यापुरते.

जूनमधले गुण: २०, २२, २४, २६, २८. सरासरी २४.
मार्चमधले गुण, त्याच क्रमानं: ८, १२, २४, २७, २९. सरासरी २०.

ताण सरासरी ४ गुणांनी उतरला. आता प्रत्येकाचा फरक काढा: १२ नं कमी, १० नं कमी, शून्य, १ नं जास्त, १ नं जास्त. चार गुणांनी ताण कमी झालेलं या पाचांत कुणीच नाही. दोघांचा ताण बराच उतरला आणि तिघं आहेत तिथंच राहिले. त्यातही हे तिघं सुरुवातीला सगळ्यात जास्त ताणात होते. म्हणजे ज्यांना मदतीची गरज सगळ्यात जास्त, त्यांना काहीच मिळालं नाही, आणि आपला निष्कर्ष सांगतोय "ताण कमी झाला".

इथे कुणीतरी म्हणेल, मग सरळ प्रत्येकाचा फरकच घेऊ या की. घ्या, पण एक अडचण आहे. कुठल्याही प्रश्नावलीत चूक असते. मूल त्या दिवशी झोपलेलं नसतं, प्रश्न नीट वाचलेला नसतो, शेजारचा काय लिहितोय तिकडे लक्ष असतं. फरक काढताना आधीची चूक आणि नंतरची चूक दोन्ही त्यात येऊन बसतात. मग किती फरक पडला तर तो खरा समजायचा? जेकबसन आणि ट्रुअॅक्स यांनी १९९१ मध्ये यासाठी एक हिशोब दिला, तो विश्वसनीय बदलाचा निर्देशांक म्हणून ओळखला जातो. करून बघा. प्रश्नावलीचं प्रमाण विचलन ६ आहे आणि विश्वसनीयता ०.८० आहे असं धरू. एका मापनाची प्रमाण त्रुटी ६ गुणिले ०.२० चं वर्गमूळ, म्हणजे साधारण २.७. दोन मापनांच्या फरकाची त्रुटी त्याच्या १.४१ पट, म्हणजे ३.८. ९५ टक्के खात्री हवी तर १.९६ नं गुणा, ७.४ येतात.

म्हणजे या प्रश्नावलीवर साडेसात गुणांपेक्षा कमी फरक पडला, तर एका मुलाबद्दल "बदलला" असं म्हणायला पुरेसा पुरावा नाही. आणि ०.८० ही विश्वसनीयता आपण प्रबंधात "उत्तम" म्हणून मिरवतो! गटासाठी चार गुणांची घट लक्षणीय ठरू शकते, कारण साठ जणांच्या चुका एकमेकींना कापतात. एका माणसाच्या चुका कापायला दुसरं कुणी नसतं.

फरकाच्या गुणांवरून आपल्या विषयात मोठं भांडण झालेलं आहे. क्रॉनबॅक आणि फर्बी यांनी १९७० मध्ये, बदल मोजावा तरी का, असा प्रश्न शीर्षकातच टाकून फरकाचे गुण वापरण्यालाच आक्षेप घेतला. १९८२-८३ मध्ये रोगोसा, विलेट वगैरे मंडळींनी उलट बाजू मांडली. त्यांचं म्हणणं असं, की सगळेच सारखे बदलत असतील तर फरकाची विश्वसनीयता कमी येणारच, तो फरकाचा दोष नाही. खरी गरिबी आहे ती फक्त दोनदा मोजण्यात. मला दुसरी बाजू पटते. दोन बिंदूंतून एक सरळ रेघ नेहमीच जाते. ती रेघ खरी की चुकांची, हे सांगायला तिसरा बिंदू लागतो.

गोव्याचा अभ्यास आणि ८३ माणसं

आता आपल्या प्रबंधांच्या कितीतरी वर असलेला एक अभ्यास घेऊ. गोव्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये 'हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅम' या संक्षिप्त उपचाराची चाचणी झाली. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांचा हा पेपर २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीवर १४ पेक्षा जास्त गुण असलेले ४९५ जण घेतले आणि यादृच्छिक पद्धतीनं दोन गट केले. एका गटाला आरोग्य केंद्राची सुधारित नेहमीची सेवा मिळाली. दुसऱ्याला तीच सेवा, शिवाय प्रशिक्षण दिलेल्या, मानसोपचाराची पदवी नसलेल्या समुपदेशकांकडून सत्रं. तीन महिन्यांनी ४६६ जणांचं मोजमाप झालं. पीएचक्यू-९ वर १० च्या खाली आलेले: उपचार गटात २३० पैकी १४७, म्हणजे ६४ टक्के. नुसत्या सेवेच्या गटात २३६ पैकी ९१, म्हणजे ३९ टक्के.

या ३९ टक्क्यांवर जरा थांबा. ही माणसं त्या सत्रांशिवाय सुधारली. काही सेवेमुळे, काही काळ गेल्यामुळे, आणि काही निव्वळ संख्याशास्त्रामुळे. जास्त गुणवालेच निवडले, की पुढच्या मोजणीत त्यांचे गुण सरासरीकडे परततात. गाल्टननं ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिली होती. म्हणून "ज्यांना ताण जास्त होता अशीच मुलं घेतली" असं सिनॉप्सिसमध्ये अभिमानानं लिहून पुढे नियंत्रण गट टाळला असेल, तर निम्मं यश तुम्ही मोजणी सुरू करण्याआधीच पदरात पाडून घेतलेलं असतं.

गोव्याच्या अभ्यासानं ही चूक केली नाही. गटाच्या प्रश्नाला त्यानं दिलेलं उत्तर चोख आहे. २५ टक्क्यांचा फरक, म्हणजे दर चार जणांमागे एक जास्तीचा माणूस बरा. मी टीका करतेय ती या अभ्यासावर नाही, आपण तो कसा वाचतो त्यावर. सेमिनारमध्ये ही स्लाइड लागली की बोलणारा सहज म्हणून जातो, "या उपचारानं माणूस सुधारतो." कोणता माणूस? उपचार गटातले २३० वजा १४७, म्हणजे ८३ जण तीन महिन्यांनीही त्या रेषेच्या वरच होते. त्याच पेपरात दुसऱ्या प्रश्नावलीचे, बेक यांच्या नैराश्य सूचीचे आकडे आहेत. उपचार गटाची सरासरी १९.९९ आणि प्रमाण विचलन १५.७०, तर दुसऱ्या गटाची सरासरी २७.५२ आणि प्रमाण विचलन १३.२६. ही सूची ० ते ६३ गुणांची. म्हणजे सरासरी २०, पण कुणी ४-५ वर आणि कुणी ३५ च्याही पुढे. हा पसारा शेवटच्या गुणांचा आहे, बदलाचा नाही, हे लक्षात ठेवा. पण "माणूस सुधारतो" या वाक्यातला एकवचनी माणूस कुठेच नाही, एवढं दाखवायला तो पुरेसा आहे.

आणखी एक गोष्ट. समजा तीन महिन्यांनी गटात ६४ टक्के बरे होते आणि वर्षानंतरही तेवढेच टक्के बरे आहेत. आपण लिहितो, "परिणाम टिकून राहिला." पण तीच माणसं बरी राहिली, की अर्धी घसरली आणि त्यांच्या जागी दुसरी वर आली? टक्केवारी दोन्ही वेळा सारखीच दिसेल. समुपदेशकासाठी मात्र या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्यात फाइल बंद करता येते. दुसऱ्यात बऱ्या झालेल्या माणसाला परत परत भेटावं लागतं.

विदर्भ: गाव बदललं, माणूस दिसला नाही

आपल्या घराजवळचं उदाहरण 'विश्राम' या कार्यक्रमाचं. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांमध्ये नैराश्यावरच्या उपचारातली दरी कमी व्हावी म्हणून तो राबवला गेला. राहुल शिधये आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्येच 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त त्याचे निष्कर्ष मांडले. नैराश्य असलेल्यांपैकी मदत घेतलेल्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं, १८ महिन्यांनंतरच्या पाहणीत ते २७.२ टक्के झालं. सहापट. ज्या भागात मनाच्या दुखण्याला "टेन्शन" एवढाच शब्द आहे, तिथे ही मोठी गोष्ट आहे, आणि ती लहान करायचा माझा अजिबात हेतू नाही.

पण संशोधनाची तयारी करणाऱ्यानं हे बघायला हवं: दोन्ही वेळा गावं तीच होती, माणसं तीच नव्हती. दोन स्वतंत्र नमुने. गावाचा प्रश्न विचारायचा तर हीच रीत योग्य, कारण तीच माणसं पुन्हा गाठायच्या नादात स्थलांतर करून गेलेले सुटतात आणि गावाचं चित्र बिघडतं. फक्त अशा आकड्यांवरून "लोक मदत घ्यायला लागले" असं म्हणताना "लोक" म्हणजे गाव. आधी न जाणारी अमुक बाई आता जायला लागली की नाही, हे हा आराखडा सांगू शकत नाही, आणि तसा त्याचा दावाही नाही. शिवाय तुलनेसाठी कार्यक्रम नसलेली गावं नव्हती, त्यामुळे "कार्यक्रमामुळे" हा शब्दही जपूनच वापरायला हवा.

या १८ महिन्यांवरून एक वेगळाच प्रश्न मनात येतो, आणि तो विदर्भात काम करणाऱ्या प्रत्येकानं स्वतःला विचारावा. दीड वर्षाचं अंतर ठेवलं की ऋतू उलटतो. पहिली मोजणी हिवाळ्यात, कापूस वेचून घरात आलेला असताना झाली, तर दुसरी येते उन्हाळ्याच्या शेवटी नाहीतर पावसाळ्यात, पेरणी आणि कर्जाच्या दिवसांत. पीएचक्यू-९ मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते: झोप कशी, थकवा किती, भूक कशी. मे महिन्यात ४५ अंशांत नागपुरात कुणाची झोप नीट होते? निंदणीच्या दिवसांत कोणती बाई थकलेली नसते? वर्षातून दोनदाच मोजलं तर मनाचा बदल आणि हंगामाचा बदल वेगळे काढायला तुमच्याकडे काहीच नसतं. बारा महिन्यांचं अंतर ठेवलं तर निदान ऋतू तरी तोच राहतो. अधूनमधून चार-पाचदा मोजलं तर हंगामाची लाटच डेटामध्ये दिसायला लागते.

नागपूर १९२० ते माणसाची स्वतःची रेघ

मग यावर उपाय काय? त्याची गोष्ट थोडी नागपूरला लागून जाते. १९२० साली इथे इंडियन सायन्स काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. त्या अधिवेशनात झूलॉजिकल सर्व्हेचे नेल्सन अॅनन्डेल आणि प्रशांतचंद्र महालनोबिस यांची भेट झाली आणि कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचं विश्लेषण करण्याचं काम महालनोबिसांकडे आलं. त्या वाटेनं पुढे जे अंतराचं माप तयार झालं, १९३६ च्या पेपरातलं, ते आज जगभर महालनोबिस अंतर म्हणून वापरतात. पण त्यांचा मूळ प्रश्न होता गट गटापासून किती लांब आहे, हा. माणूस कालच्या स्वतःपासून किती लांब गेला, या प्रश्नाकडे नेणारी एक महत्त्वाची पायरी त्यांच्याच संस्थेतल्या सी. आर. राव यांनी १९५८ मध्ये वाढीच्या वक्रांची तुलना करण्यावरच्या पेपरात घातली. त्याच वर्षी अमेरिकेत टकर यांनीही जवळपास त्याच दिशेनं काम केलं. १९८२ मध्ये लेअर्ड आणि वेअर, १९८७ मध्ये ब्रिक आणि राउडेनबुश, १९९० मध्ये मेरेडिथ आणि टिसाक यांनी त्याला आजचं रूप दिलं. कुणी त्याला मिक्स्ड मॉडेल म्हणतं, कुणी मल्टिलेव्हल, कुणी लेटंट ग्रोथ कर्व्ह. नावांना घाबरू नका, कल्पना एकच आहे.

प्रत्येक माणसाची स्वतःची रेघ. त्या वेळचा गुण म्हणजे त्याची सुरुवात, अधिक त्याचा वेग गुणिले वेळ, अधिक त्या दिवसाची चूक. हा पहिला स्तर. मग सगळ्यांच्या सुरुवाती आणि सगळ्यांचे वेग एकत्र ठेवून बघायचं: सरासरी वेग किती आणि त्या वेगांचा पसारा किती. हा दुसरा स्तर. खरा माल त्या पसाऱ्यात आहे. समजा तुमच्या डेटामध्ये ताण दर महिन्याला सरासरी ०.५ नं उतरतोय आणि वेगांचं प्रमाण विचलन १ आहे. वेग नॉर्मल वितरणात आहेत असं धरलं, तर सुमारे ३१ टक्के लोकांचा ताण उतरत नाही, चढतोय. सरासरी उताराची असताना दहातले तीन जण चढावर! पेपरमध्ये हे दोन्ही आकडे टेबलमध्ये असतात, पण चर्चेत बहुधा पहिलाच येतो. तुम्ही वाचताना दुसरा शोधा आणि हा साधा भागाकार स्वतः करा: सरासरी वेग भागिले वेगांचं प्रमाण विचलन. उत्तर दोनच्या आसपास असेल तर "बहुतेक सगळे सुधारले" असं म्हणता येतं. अर्ध्याच्या आसपास असेल तर नाही.

पण मॉडेल म्हणजे माणूस नव्हे

इथपर्यंत आलं की नवा उत्साह चढतो. आपल्या विषयातली हुशार मुलं आर शिकतात, एलएमई४ पॅकेज चालवतात, आणि टी-टेस्टवाल्यांकडे दयेनं बघायला लागतात. म्हणून या मॉडेललाही चार प्रश्न विचारू.

पहिला: ती रेघ खरंच त्या माणसाची आहे का? पूर्ण नाही. मॉडेल प्रत्येक माणसाचा अंदाज गटाच्या सरासरीकडे थोडा ओढून घेतं. ज्याची मोजमापं कमी किंवा विस्कळीत, त्याला जास्त ओढतं. एकूण चूक कमी करायला ही युक्ती फार चांगली आहे. पण त्याचा अर्थ असा, की ज्याच्याबद्दल माहिती कमी त्याची "वैयक्तिक" रेघ बरीचशी इतरांकडून उसनी आणलेली असते. जो सगळ्यांपेक्षा वेगळा वागतोय आणि दोनदाच आलाय, तो मॉडेलमध्ये सगळ्यांसारखा दिसतो. समुपदेशकाला नेमका तोच सापडायला हवा असतो.

दुसरा: आला नाही त्याचं काय? हे मॉडेल गळालेल्या लोकांना सामावून घेतं म्हणून त्याची फार तारीफ होते. ती एका अटीवर खरी आहे: माणूस का गळाला याचा सुगावा त्याच्या आधीच्या मोजमापांत असला पाहिजे. परीक्षेचा निकाल वाईट लागला, खोली सोडली, गावी निघून गेला, फोन उचलत नाही. अशा मुलाच्या आधीच्या तीन गुणांत यातलं काहीही नसतं. त्याची गैरहजेरी हाच त्याच्या बदलाचा सगळ्यात मोठा पुरावा असतो, आणि मॉडेल त्याला "जसा होता त्याच वेगानं पुढे गेला" असं गृहीत धरून पुढे जातं. कोण, कधी आणि का गळालं, याची वही हातानं ठेवा. तिची जागा कुठलंही सॉफ्टवेअर घेत नाही.

तिसरा: माणसामाणसांमधलं नातं आणि एका माणसाच्या आतलं नातं. अभ्यासिकेत रोज दहा तास बसणाऱ्या मुलांचा ताण चार तास बसणाऱ्यांपेक्षा कमी निघू शकतो. त्यांची तयारी पक्की असते, घरून पैसे वेळेवर येतात. पण तोच मुलगा ज्या दिवशी दहा तास बसतो, त्या दिवशी त्याचा ताण जास्त असू शकतो. पहिल्या निष्कर्षावरून त्याला "जास्त बस, ताण कमी होईल" असा सल्ला दिला तर तो उलटा पडेल. पीटर मोलेनार यांनी २००४ मध्ये हा मुद्दा कडक शब्दांत मांडला: गटात सापडलेली रचना एका माणसात तशीच असेल असं समजायला काही अटी लागतात, आणि मनाच्या बाबतीत त्या क्वचितच पूर्ण होतात. २०१५ मध्ये हामाकर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की आपल्याकडेही लोकप्रिय असलेलं क्रॉस-लॅग्ड पॅनेल मॉडेल या दोन गोष्टींची सरमिसळ करतं, त्यामुळे "कशामुळे काय झालं" याची दिशाच चुकू शकते. तुम्ही ते मॉडेल घेणार असाल तर हा पेपर आधी वाचा, नाहीतर व्हायवाला कुणीतरी वाचून आलेलं असेल.

चौथा: "आम्हाला तीन प्रकारचे लोक सापडले." सुधारणारे, जैसे थे आणि बिघडणारे. ग्रोथ मिक्स्चर मॉडेल असे गट काढून देतं आणि स्लाइडवर ते फार सुंदर दिसतात. बाउअर आणि करन यांनी २००३ मध्येच दाखवलं होतं, की डेटा एका बाजूला झुकलेला असेल तर प्रत्यक्षात एकच गट असतानाही हे मॉडेल दोन-तीन गट काढून देतं. आणि नैराश्याचे गुण झुकलेले असतातच, कारण गावातल्या किंवा कॉलेजातल्या बहुतेकांचे गुण कमीच असतात. बिघडणाऱ्या गटात नाव पडलेल्या मुलाकडे शिक्षक कसं बघतील, याचा विचार करूनच हे मॉडेल हातात घ्या.

मग सिनॉप्सिसमध्ये काय लिहायचं?

मी असं म्हणत नाही की सगळं सोडा आणि मिक्स्ड मॉडेल शिका. तीन वर्षांत प्रबंध संपवायचा आहे, फेलोशिप वेळेवर येत नाही, गाइडना टी-टेस्ट कळते आणि बाकीचं त्यांना समजावून सांगावं लागतं, हे सगळं मला माहीत आहे. तरीही काही गोष्टी बिनपैशाच्या आहेत.

दोनऐवजी किमान चारदा मोजा, साठऐवजी चाळीस माणसं घ्यावी लागली तरी चालेल. प्रश्न माणसाच्या बदलाचा असेल तर जास्तीचं मोजमाप बहुतेक वेळा जास्तीच्या माणसापेक्षा कामाचं ठरतं. "पहिली फेरी, दुसरी फेरी" असं न लिहिता प्रत्येकाची खरी तारीख नोंदवा. कुणी दहा दिवस उशिरा भरलं तर मॉडेलला ते कळू द्या. तारखेशेजारी परीक्षा, निकाल, सण, पेरणी असं काही होतं का ते एका रकान्यात लिहा.

मॉडेल चालवण्याआधी आलेख काढा. आडव्या अक्षावर तारीख, उभ्यावर गुण, आणि प्रत्येक माणसाची वेगळी रेघ. चाळीस रेघांचा गुंता होईल, होऊ द्या. त्या गुंत्यात जे दिसतं ते कुठल्याच टेबलमध्ये दिसत नाही: कोण एकटाच वर चाललाय, कोण मधेच तुटलाय, कोणत्या महिन्यात सगळेच एकदम उसळले. सिंगर आणि विलेट यांच्या २००३ च्या पुस्तकात हे सुरुवातीलाच सांगितलंय, आणि पूर्ण पुस्तक वाचणं जमलं नाही तर निदान तेवढा भाग वाचाच.

निष्कर्षाची भाषाही तपासा. "विद्यार्थ्यांचा ताण कमी झाला" च्या जागी लिहा, "गटाचा सरासरी ताण इतका कमी झाला, चाळीसपैकी इतक्यांमध्ये मापनाच्या चुकीपलीकडची घट दिसली, इतक्यांमध्ये वाढ दिसली आणि इतके जण शेवटच्या मोजणीला आले नाहीत." वाक्य लांब झालं, थोडं कमी रुबाबदार झालं. पण तुमचा प्रबंध वाचून उद्या एखादा समुपदेशक तोच कार्यक्रम दुसऱ्या कॉलेजात घेईल, तेव्हा किती जणांवर लक्ष ठेवायचं हे त्याला याच वाक्यातून कळणार आहे.

आणि आरआरसीसमोर कुणी विचारलंच, "एवढं कशाला करून राहिले? सरळ टी-टेस्ट लावा ना," तर वाद घालू नका. त्या पाच मुलांचे दहा आकडे कागदावर लिहून पुढे सरकवा आणि विचारा: "सर, यातला चार गुणांनी सुधारलेला मुलगा कोणता?"